मधली नऊ वर्षं

आज पदवी हाती घेतलेल्या मुलामुलींनो,

१९४५ चा एप्रिल महिना. युरोपातलं महायुद्ध संपत आलं होतं, पण इटलीच्या उत्तर भागात जर्मन फौजा अजून नेटाने लढत होत्या. ९ एप्रिलला सेनिओ नदीच्या काठावर मराठा लाइट इन्फन्ट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमी सोबत्यांना भर गोळीबारात, खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप मागे आणलं आणि मग एकट्याने शत्रूच्या तीन मशीनगन चौक्या निकामी केल्या. जाधव आपल्याकडचे, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचे. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पाच दिवसांनी, १४ एप्रिलला, त्याच देशातल्या डोंगराळ भागात बॉब डोल नावाचा एक अमेरिकन सेकंड लेफ्टनंट पडला. तो वाचला, पण त्याचा उजवा हात पुन्हा कधी कामाला आला नाही. आणि २१ एप्रिलला सान तेरेंत्सो गावाजवळच्या एका टेकडीवर दुसरा सेकंड लेफ्टनंट, डॅनियल इनोये, पोटात गोळी लागलेली असताना मशीनगनच्या तोंडावर चालून गेला. हातातला ग्रेनेड तो फेकणार, तोच उजव्या कोपरावर शत्रूचा मारा बसला आणि हात जवळजवळ तुटून लोंबू लागला. त्या हाताच्या मुठीत अडकलेला स्वतःचा ग्रेनेड त्याने डाव्या हाताने सोडवून घेतला आणि फेकला. तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तुमच्यातल्या बहुतेकांहून लहान.

इनोये पुढे हवाई बेटांच्या विधिमंडळात निवडून गेला, तिथून वॉशिंग्टनला गेला आणि जवळजवळ पन्नास वर्षं अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसला. ही कथा सांगणारे बहुतेक लोक टेकडीवरून थेट सभागृहात उडी मारतात. शूर होता, हात दिला, लोकांनी निवडून दिलं, असं. मी आयुष्यभर राज्यशास्त्र शिकवलं आणि विधिमंडळांचं कामकाज वाचत आले. माझं लक्ष मधल्या काळाकडे जातं. जखम १९४५ ची आहे आणि निवडणूक १९५४ ची. या नऊ वर्षांत काय झालं, ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण तुम्ही आज अशाच एका मधल्या काळाच्या दारात उभे आहात.

त्याआधी त्या बेटांची थोडी ओळख हवी. हवाई तेव्हा अमेरिकेचं राज्य नव्हतं, टेरिटरी होतं. स्थानिक विधिमंडळ लोक निवडत, पण गव्हर्नर नेमायचा तो अमेरिकेच्या अध्यक्षांनी. साखर, जहाजं, बँका, दुकानं, सगळ्यावर पाच बड्या कंपन्यांची पकड होती आणि विधिमंडळावर जवळजवळ अर्धशतक रिपब्लिकन पक्षाची. उसाच्या मळ्यांवर राबायला जपान, चीन, फिलिपिन्स, पोर्तुगाल अशा ठिकाणांहून मजूर आणले होते. इनोयेचे आजोबा घराण्यावरचं कर्ज फेडण्यासाठी जपानहून असेच मळ्यावर आले. जपानमध्ये जन्मलेल्यांना अमेरिकेचं नागरिकत्व मिळण्याची सोय कायद्यात नव्हती, ती १९५२ मध्ये झाली. बेटांवर जन्मलेली त्यांची मुलं मात्र जन्माने नागरिक. म्हणजे बापाला मत नाही आणि मुलाला आहे, अशी हजारो घरं होती.

७ डिसेंबर १९४१ ला जपानने पर्ल हार्बरवर बॉम्ब टाकले आणि या मुलांचं नागरिकत्व एका दिवसात संशयास्पद झालं. हवाई विद्यापीठातल्या जपानी वंशाच्या विद्यार्थ्यांना आधी टेरिटरीच्या रक्षक दलात घेतलं, हातात बंदुका दिल्या आणि जानेवारी १९४२ मध्ये वंशाचं कारण देऊन काढून टाकलं. त्या मुलांनी काय केलं ते ऐका. त्यांनी लष्करी गव्हर्नरला अर्ज लिहिला: आम्हाला बंदूक देत नसाल तर दुसरं कुठलंही काम द्या. सुमारे १७० विद्यार्थ्यांची एक मजूर तुकडी उभी राहिली. कॉलेजची मुलं स्कोफिल्ड बराक्स या लष्करी तळावर रस्ते करत होती, खडी फोडत होती, कुंपणं घालत होती. जवळजवळ वर्षभर हे चाललं. मला त्यांच्या कष्टांपेक्षा त्या अर्जाचं मोल अधिक वाटतं. अपमान झाल्यावर बसून, शांतपणे, मुद्देसूद, सह्यांनिशी लिहिलेलं ते एक निवेदन होतं. विधिमंडळात पुढे जे काम करायचं होतं, त्याचा पहिला धडा त्यात होता.

१९४३ च्या सुरुवातीला सरकारने धोरण बदललं आणि फक्त जपानी वंशाच्या सैनिकांची एक वेगळी रेजिमेंट काढायचं ठरवलं. ४४२ वी. हवाईतून १५०० मुलं हवी होती, जवळजवळ १०,००० आली. इनोये तेव्हा डॉक्टर होण्यासाठी शिकत होता. पर्ल हार्बरच्या दिवशी सतराव्या वर्षी त्याने जखमींवर प्रथमोपचार केले होते. शिक्षण सोडून तो भरती झाला. २८ मार्च १९४३ ला होनोलुलूच्या इओलानी राजवाड्याच्या आवारात या मुलांना निरोप दिला गेला. हा राजवाडा लक्षात ठेवा. याच सुमारास अमेरिकेच्या मुख्य भूमीवर सुमारे १,२०,००० जपानी वंशाची माणसं काटेरी तारांच्या छावण्यांत डांबलेली होती आणि त्या छावण्यांतूनही काही तरुण याच रेजिमेंटमध्ये आले. आईबाप तारेच्या आत आणि मुलगा आघाडीवर.

लढाईचं मी फार सांगत नाही. फ्रान्सच्या व्होज डोंगरात वेढ्यात अडकलेल्या टेक्सासच्या एका बटालियनमधले २११ सैनिक सोडवताना या रेजिमेंटची सुमारे ८०० माणसं मेली किंवा जखमी झाली. एवढ्यावरून अंदाज यावा.

आता ती नऊ वर्षं.

इनोयेचे पहिले वीसेक महिने रुग्णालयांत गेले. उजवा हात गेला, तसं सर्जन होणंही गेलं. त्याने डाव्या हाताने लिहायला, जेवायला, कपडे घालायला शिकून घेतलं. मिशिगन राज्यातल्या बॅटल क्रीक इथल्या लष्करी रुग्णालयात त्याची गाठ बॉब डोलशी पडली. इनोयेने विचारलं, तू आता पुढे काय करणार? डोलकडे उत्तर तयार होतं: कायदा शिकायचा, आपल्या राज्याच्या विधिमंडळात जायचं, मग वॉशिंग्टन. डोल १९५० मध्ये, कायद्याचं शिक्षण चालू असतानाच, कॅन्ससच्या प्रतिनिधिगृहावर निवडून आला. एक पुढे रिपब्लिकन झाला, दुसरा डेमोक्रॅट. इनोये नंतर गंमतीने सांगे की योजना डोलची आणि वॉशिंग्टनला आधी पोचलो मी. दोघांची मैत्री मात्र मरेपर्यंत टिकली. डिसेंबर २०१२ मध्ये इनोयेचं पार्थिव कॅपिटॉलमध्ये ठेवलं होतं, तेव्हा ८९ वर्षांचे डोल चाकाच्या खुर्चीतून उठले, आधार घेऊन चालत गेले आणि त्यांनी डाव्या हाताने सलाम केला. राजकीय विरोधक म्हणजे शत्रू, हे समीकरण आजकाल आपल्याकडे फार सहज बोललं जातं. ज्यांनी खरोखरीचे शत्रू पाहिले होते, त्यांना ते कधी पटलं नाही.

या दोघांना शिकता आलं ते एका कायद्यामुळे. २२ जून १९४४ ला, युद्ध चालू असतानाच, अमेरिकेने युद्धावरून परतणाऱ्यांसाठी शिक्षणाचा कायदा केला. वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, वर दरमहा निर्वाहभत्ता. मळ्यावरच्या मजुरांच्या मुलांना एरवी ज्या कॉलेजांचं दारही दिसलं नसतं, तिथे ती जाऊन बसली. इनोये हवाई विद्यापीठातून १९५० मध्ये पदवीधर झाला आणि १९५२ मध्ये वॉशिंग्टनमधून वकील होऊन परतला. युद्धात लढलेला स्पार्क मात्सुनागा हार्वर्डला कायदा शिकला. साकाए ताकाहाशी, हेही युद्धात लढलेले, वकील झाले. कायद्याने त्यांना फी दिली, पण एक गोष्ट त्याहून मोठी दिली: त्यांच्या मागणीला भाषा दिली. रागाचं रूपांतर कलमात कसं करायचं हे त्यांना वर्गात कळलं. कर कोण भरतो, जमिनीचा आकार कसा ठरतो, शाळांचे पैसे कुठून येतात, हे ज्याला वाचता येत नाही त्याच्या शौर्याचा विधिमंडळात काही उपयोग होत नाही. हे मी कठोरपणे म्हणते आहे, कारण शूर माणसांबद्दल मला मनापासून आदर आहे.

माझे वडील मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि गावी परतल्यावर ग्रामपंचायतीवर निवडून आले. नळपाणी योजनेची पाइपलाइन कुठून न्यायची, एवढाच एक विषय महिनोन् महिने चालायचा. पलटणीत हुकूम निघाला की माणूस हलतो. इथे प्रत्येक बांधावरच्या माणसाचं ऐकून घ्यावं लागे, परत जावं लागे, चहा घ्यावा लागे, पुन्हा तेच ऐकावं लागे. वडील त्या काळात घरी फारसे बोलत नसत. पण ते ऐकायला शिकले आणि पाइपलाइन झाली. सैनिकाला राजकारणात सगळ्यात अवघड काय जात असेल, तर हेच. तिथे कोणी तुमच्या हाताखाली नसतं.

हवाईच्या या मुलांना ऐकायला शिकवणारा एक माणूस भेटला. जॉन बर्न्स. होनोलुलूच्या पोलीस दलातला अधिकारी. युद्धाच्या सुरुवातीला जपानी वस्तीवर नजर ठेवण्याचं काम त्याच्याकडे होतं आणि ते करतानाच या लोकांच्या निष्ठेबद्दल त्याची खात्री पटली होती. युद्धानंतर त्याने मोडकळीला आलेला डेमोक्रॅटिक पक्ष बांधायला घेतला. ४४२ व्या रेजिमेंटच्या माजी सैनिकांचा क्लब, गोदी आणि मळ्यांवरच्या कामगारांची संघटना आणि शहरातले छोटे लोक यांना त्याने एकत्र आणलं. १९४६ मध्ये मळ्यांवर संप झाला, १९४९ मध्ये गोदीत. हे सगळं त्या बांधणीच्या मागे होतं. १९४८ मध्ये बर्न्स स्वतः निवडणुकीला उभा राहिला आणि साफ हरला. १९५४ मध्ये त्याच्या पक्षाने इतिहास घडवला आणि तो स्वतः मात्र हजाराहून कमी मतांनी पुन्हा हरला. ज्याने घर बांधलं त्याला उंबरठ्याबाहेर राहावं लागलं. तरी तो थांबला नाही. १९६२ मध्ये तो हवाईचा गव्हर्नर झाला.

१९५४ च्या प्रचारात या माजी सैनिकांवर कम्युनिस्टांचे हस्तक असल्याचा आरोप झाला. इनोयेने एका सभेत आपल्या रिकाम्या बाहीकडे बोट दाखवून सांगितलं की फॅसिस्टांशी लढताना हा हात दिला, देशाला गरज पडली तर कम्युनिस्टांशी लढायला दुसराही देईन. सभा जिंकली. आरोप अन्यायाचा होता आणि उत्तर खरं होतं, म्हणून मी त्याला दोष देत नाही. तरीही मला वाटतं की ही बाही वारंवार दाखवून चाललेलं राजकारण लवकर पोकळ झालं असतं. तसं झालं नाही, कारण बाहीच्या मागे वकिली होती, सरकारी वकील म्हणून केलेलं काम होतं, गल्लोगल्ली हिंडून तयार केलेले कार्यकर्ते होते. आणखी एक गोष्ट पाहा. देशाचं सर्वोच्च शौर्यपदक इनोयेला २१ जून २००० ला मिळालं, त्याच्याबरोबर आशियाई वंशाच्या इतर अनेकांना, ज्यांच्या कागदांकडे पंचावन्न वर्षं कोणी नीट पाहिलं नव्हतं. म्हणजे ते पदक छातीवर येण्याच्या कितीतरी आधी तो आमदार झाला होता.

नोव्हेंबर १९५४ मध्ये विधिमंडळाची दोन्ही सभागृहं डेमोक्रॅटिक पक्षाकडे आली. इनोये, मात्सुनागा आणि लष्करी गुप्तवार्ता विभागात काम केलेले जॉर्ज अरियोशी प्रतिनिधिगृहात, ताकाहाशी सिनेटमध्ये. तिशीच्या इनोयेला सभागृहातलं बहुमताचं नेतेपद मिळालं. आणि विधिमंडळ भरायचं कुठे? इओलानी राजवाड्यात. १९४३ मध्ये ज्याच्या आवारातून त्यांना युद्धावर पाठवलं होतं, त्याच वास्तूच्या सिंहासन-दालनात प्रतिनिधिगृहाची बैठक होत असे. मळ्यावरच्या मजुरांची नातवंडं तिथे मंत्र्यांच्या नव्हे, कायदे करणाऱ्यांच्या खुर्च्यांवर बसली.

पहिल्याच अधिवेशनात त्यांच्या वाट्याला अपयशही भरपूर आलं. गव्हर्नर होते सॅम्युअल वाइल्डर किंग, रिपब्लिकन, अंगात मूळ हवाईयन रक्त असलेले आणि स्वतः नौदलातले जुने अधिकारी. सैनिकी पार्श्वभूमी दोन्ही बाजूंना होती, पण त्यामुळे कर आणि जमीन यांवरचं मत एक झालं नाही. किंग यांनी नव्या बहुमताची कितीतरी विधेयकं नकाराधिकार वापरून परत पाठवली. मग पुन्हा मसुदे, पुन्हा समित्या, पुन्हा मतदान. १९५७ मध्ये या विधिमंडळाने फाशीची शिक्षा रद्द केली. माणूस मारणं म्हणजे काय हे ज्यांनी जवळून पाहिलं होतं, अशा लोकांच्या सभागृहाने. मला या एका कायद्याबद्दल फार आदर वाटतो. ऑगस्ट १९५९ मध्ये हवाई राज्य झालं. १९७४ मध्ये मालकांनी कामगारांच्या आरोग्यविम्याचा भार उचलावा असा कायदा अमेरिकेत सर्वांत आधी केला तो याच राज्याने. त्याच वर्षी अरियोशी गव्हर्नर म्हणून निवडून आले, अमेरिकेतले पहिले आशियाई वंशाचे गव्हर्नर.

हे सगळं सांगून मी थांबले तर तुम्हाला अर्धंच सांगितलं असं होईल. तो राजवाडा मूळ हवाईयन लोकांच्या राजांचा. तिथली राणी लिलिउओकलानी हिला १८९३ मध्ये पदच्युत केलं गेलं आणि १८९५ मध्ये तिच्याच राजवाड्यात कैदेत ठेवलं गेलं. मजुरांच्या नातवंडांना न्याय मिळाला, तेव्हा या भूमीच्या मूळ लोकांचा प्रश्न मागेच राहिला. पुढे १९८५ मध्ये जॉर्ज कूपर आणि गॅव्हन डॉज यांनी एका मोठ्या अभ्यासात दाखवून दिलं की सत्तेवर आलेल्या या नव्या पक्षाचे अनेक लोक जमिनींच्या व्यवहारांत स्वतः गुंतत गेले. ज्यांनी जमीनदारीविरुद्ध मतं मागितली, त्यांच्यातल्या काहींनी. युद्धातलं धैर्य या मोहापुढे आपोआप पुरत नाही. त्यासाठी वर्तमानपत्रं लागतात, न्यायालयं लागतात, तुमच्यासारखे शिकलेले आणि हिशेब विचारणारे मतदार लागतात.

ही वाट आपल्याला अनोळखी नाही. महाडजवळचे गोपाळ बाबा वलंगकर १८८६ मध्ये लष्करातून निवृत्त झाले आणि अस्पृश्यतेविरुद्ध लिहू लागले. सरकारने महारांची लष्करभरती बंद केली तेव्हा आपल्या लोकांच्या सेवेचा दाखला देत त्यांनी सरकारसाठी अर्ज तयार केला. होनोलुलूच्या विद्यार्थ्यांच्या अर्जाच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी. १८९५ मध्ये त्यांची महाड तालुका लोकल बोर्डावर नेमणूक झाली आणि सवर्णांनी तिला विरोध केला. आणि सुभेदार रामजी सकपाळ, लष्कराच्या शाळेतले शिक्षक, यांचा मुलगा मुंबई, न्यूयॉर्क, लंडन इथे शिकून १९२७ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात जाऊन बसला. बापाची पलटण आणि मुलाचं सभागृह यांच्या मध्ये इथेही ग्रंथालयं होती, परीक्षा होत्या, उपाशीपोटी काढलेले दिवस होते. एका पिढीत नाही, दोन पिढ्यांत ती वाट पुरी झाली.

नामदेव जाधव ज्या सैन्यात लढले ते परक्या राजाचं होतं. त्याच राजवटीच्या १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क शिक्षण आणि मालमत्तेवर बांधला होता, पण निवृत्त सैनिकांना, आणि पेन्शन मिळणाऱ्या सैनिकांच्या विधवांना व मातांना, तो वेगळी पात्रता म्हणून दिला होता. म्हणजे कित्येक गावांत एखाद्या शेतकऱ्याला मत नव्हतं, पण गेलेल्या शिपायाच्या आईला होतं. १९५० मध्ये आपल्या संविधानाने ही सगळी मोजमापं काढून टाकली आणि प्रत्येक सज्ञान माणसाला मत दिलं.

पदवीला जोडलेला मताचा एक हक्क मात्र संविधानाने ठेवला आहे आणि आज तो तुमच्या कामाचा आहे. कलम १७१ प्रमाणे विधान परिषदेतल्या काही जागा पदवीधर मतदारसंघांच्या असतात. महाराष्ट्रात अशा सात जागा आहेत. पदवी मिळून तीन वर्षं झाली की तुम्ही तिथे मतदार होऊ शकता. विधानसभेच्या यादीत नाव आहे म्हणून या यादीत ते आपोआप येत नाही, आणि प्रत्येक निवडणुकीला यादी नव्याने तयार होते. १ नोव्हेंबर ही अर्हता तारीख धरून फॉर्म १८ भरावा लागतो. शिकलेल्या माणसांच्या मतदारसंघात शिकलेली माणसंच नाव नोंदवायला जात नाहीत, हे मी वर्षानुवर्षं पाहत आले आहे आणि त्याचं मला खरोखर दुःख होतं. तुमच्यातल्या ज्यांना पंचवीस वर्षं पूर्ण होतील, ते विधानसभेला उभेही राहू शकतात. तोपर्यंत मध्ये जी वर्षं आहेत ती तुमची आहेत. तलाठ्याच्या कार्यालयात, ग्रामसभेत, कामगारांच्या बैठकीत, कोर्टाच्या व्हरांड्यात ती घालवा, आणि तिथे आधी ऐका.

पदवीचं प्रमाणपत्र आज घरी न्याल. ते फ्रेम करण्याआधी त्याची एक साक्षांकित प्रत काढून ठेवा. तीन वर्षांनी त्या फॉर्मला ती जोडावी लागेल.